खाली कोन हाय?

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही ठेवायची इच्छा नाही. नेवासा तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी विज्ञान शिकवतो. अंगात आलेल्या माणसाची नाडी मोजायला जाणारा आगाऊ मास्तर, अशी गावात माझी ख्याती! तरी लिहितोय... कारण घरात हे बोलायची सोय नाही.

धाकटा भाऊ बाळू नगरहून सहली काढायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात अंदमान आलं. बोटीची भानगड नको, लोकांना काठावरूनच पाण्यात उतरवायचं, तोंडात नळी धरून मासे बघायचे — स्नॉर्केलिंग. त्यासाठी जागा निवडायला आम्ही दोघंच गेलो. दोघंही विहिरीत पोहायला शिकलेलो. समुद्र म्हणजे काय, मोठी विहीर, असा आमचा माज.

सोबत तिथला एक वाटाड्या होता. पहिली जागा त्यानंच नाकारली. ओहोटीला खडक उघडे पडून पाय फाटतात म्हणाला. दुसरीकडे उतरणं सोपं, पण लाटांमुळे बाहेर येणं अवघड. तिसरी जागा मात्र तळ्यासारखी शांत. त्यानं पाण्यात करवंटी सोडून बघितली, ती जागची हलेना. म्हणजे ओढ नाही. सकाळचे दहा वाजलेले, लख्ख ऊन, तळाची वाळू दिसत होती.

आमच्याकडे विहिरीत उडी मारायच्या आधी कठड्यावरून हाक देतात, "खाली कोन हाय?" कुणी पोहत असलं तर तो ओरडतो, "हाय, थांब!" उत्तर आलं नाही की उडी मारायची. त्या दिवशी निव्वळ गंमत म्हणून मी समुद्राकडे तोंड करून ओरडलो, "खाली कोन हाय रं?"

"हाय... थांब दादा."

आवाज पाण्यातून आला. आणि तो बाळूचा होता. बाळू तर माझ्याशेजारी वाळूत बसून पायात फिन्स चढवत होता!

"तू बोललास का काय आत्ता?"

"मी? न्हाई बा."

"बाळू, दुसरीकडं जाऊ."

"का?"

विज्ञानाच्या मास्तरानं काय सांगावं? लाज वाटली. "उगंच," म्हणालो.

"लई भितो दादा तू! छातीइतकं तर पानी हाय." हसतच त्यानं लाइफ जॅकेटचं बक्कल लावलं आणि आत गेला.

मी उतरलो नाही. मी आणि वाटाड्या काठावरून बघत राहिलो. बाळू पालथा तरंगत होता, नळी वर. पाच मिनिटं... दहा मिनिटं... मी हाका मारल्या. कान पाण्यात आहेत, ऐकू कसं येणार — माझी मीच समजूत घातली. "साहेबांना लई मासे दिसलेले दिसतात," अशा अर्थाचं वाटाड्या हिंदीत काहीतरी म्हणाला, आणि मी हसलोसुद्धा. शेवटी तोच आत गेला. त्यानं बाळूला उताणं केलं, तेव्हा सगळं संपलेलं होतं.

बुडून मृत्यू, एवढंच कागदावर आहे. हृदय ठणठणीत, जॅकेट ठीक, नळी ठीक. मला भास झाला असेल, म्हणा. मीही रोज तेच म्हणतो. पण भासच होता, तर तो आधी कसा झाला? आणि ऐकल्यावर मी त्याचा हात का धरला नाही? पहिल्याचं उत्तर मला सापडत नाही, दुसऱ्याचं सोसत नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. जेवायला बसलो की ती अधूनमधून विचारते, "तू हुतास ना रं तिथं?"

"हुतो, आई."

मग ती माझ्या ताटात भाकरी वाढते.