रंगात बुडवलेला अंगठा

तक्रारदार : मी, राहणार चोपडे, तालुका पेडणे. दिवस : शिमग्याआधीचा रविवार. ठिकाण : शाळेची पडवी. साक्षीदार : मासे विकणारी शेवंती व हजर ग्रामस्थ. साक्षीदार त्या वेळी हसत होते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

मी मामलेदार कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण आठवी. तरी भाषेसाठी माझा एकही अर्ज परत आलेला नाही. मजकूर वाचून दाखवल्याशिवाय मी कोणाचा अंगठा घेत नाही.

त्या दिवशी शहरातून कला आणि आराखड्यांवर संशोधन करणाऱ्या बाई आल्या. नदीकाठ कसा असावा, हे गावाने खेळत खेळत सांगायचे होते. काठावर आमच्या होड्या ओढून ठेवायची जागा आहे. ती राहावी, असा अर्ज मी लिहून नेला होता. बाईंनी तो न वाचता बाजूला ठेवला. माझ्या डोक्यावर कागदी टोपी चढवली.

"काका, आज कागद नको. आज तुम्ही कासव."

लोक हसले. मीही हसलो.

मग मोठा नकाशा पसरला. रंगात अंगठा बुडवून उमटवायचा, त्याचा मासा होणार. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. काय लिहिले आहे, असे मी विचारले.

"खेळ आहे हो, कोर्ट नव्हे."

मी अंगठा उमटवला. सर्वांत आधी. माझ्यामागून सगळ्यांनी.

महिन्याभराने नकाशा पंचायतीत लागला. होड्यांच्या जागी बाके आणि झोपाळे. त्या दोन ओळींचा अर्थ कारकुनाने सांगितला : या आराखड्यास गावाची संमती आहे. शेवंतीच्या घरची होडी तिथेच असते. ती मला एवढेच म्हणाली, "तू आंगठो लायलंस म्हणान आमी लायलो." टोपली उचलून गेली.

मला काही वाटले नाही. जेवलो. कचेरीत गेलो. दिवसभर अक्षर नीट आले नाही.

बाई पुन्हा आल्या, नव्या टोप्या घेऊन. मी टोपी घेतली नाही.

"आधी वाचून दाखवा. मराठीत, सगळ्यांसमोर."

मी खेळाची मजा घालवतो, असे त्या म्हणाल्या. शेवंतीने रंगाची बशी दूर सारली. या वेळी कोणी हसले नाही.

खेळाला माझी हरकत नाही. शिमग्यात मीही सोंग घेतो. त्या सोंगाकडून कोणी संमती लिहून घेत नाही.

सबब पंचायतीस विनंती : माझा अंगठा रद्द समजावा. इतरांना मजकूर वाचून दाखवून ज्याचे त्याला विचारावे. उत्तर लेखी द्यावे. ते येईपर्यंत एकही होडी काठावरून हलणार नाही.