दाजींची भीती

बेळगावपासून निपाणीपर्यंत आमच्या दाजींइतका भित्रा माणूस शोधून सापडणार नाही, आणि समुद्राच्या तळाशी जाऊन येणारा माणूसही या पट्ट्यात, माझ्या माहितीत, तेवढा एकच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. बेळगावच्या टिळकवाडीत वकिली करतात. संकेश्वरजवळ उसाची ट्रॉली समोर दिसली की गाडी कडेला घेऊन ती नजरेआड होईपर्यंत थांबतात. "मोळी अंगावर पडली म्हंजे?" गॅसचं बटण बंद आहे का हे बघायला कॅम्पातून परत घरी येतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीतून, पानातली जिलेबी तशीच टाकून आले. पाल दिसली की आक्काला पुढं घालतात.

असला माणूस पाण्यात गेला कसा? लेक अंदमानात नोकरीला लागली, तिनं बापाला हाताला धरून पाण्याखाली नेलं आणि गडी तिथलाच झाला. दर हिवाळ्यात जायचे, दर वर्षी थोडं आणखी खोल. एकदा मात्र पांढरेफटक पडून परत आले. खोलवर साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो. दाजी तळाशी हसत सुटले होते, आणि तोंडातली नळी काढून एका माशाला द्यायला निघाले होते. लेकीनं दंड धरून वर आणलं.

"मासा उपाशी वाटला व्हय?" आक्कानं विचारलं.

"तसं न्हवं गं. खाली मला भ्याच वाटंना. वर आल्यावर त्येचंच लई भ्या वाटलं."

तेव्हापासून हेलियम. फुग्यात भरतात तोच वायू. श्वासाच्या हवेतला नायट्रोजन कमी करून त्या जागी हेलियम मिसळलं की डोकं ताळ्यावर राहतं. बाकीचे लोक समुद्र नीट दिसावा म्हणून ते घेतात. दाजी घेतात ते आपली भीती जागी राहावी म्हणून. एका वर्षी आक्कानं मला, तिच्या धाकट्या भावाला, त्यांची पाठराखीण करून धाडलं. होडीवर त्यांनी टाकीतलं मिश्रण तपासलं, पुन्हा तपासलं, मग दुसऱ्याकडून तपासून घेतलं. नळीतून दोन श्वास ओढले आणि, हेलियमनं आवाज बारीक होतो ना, चिमणीच्या आवाजात म्हणाले, "आक्काला सांग, काळजी करू नगं." साठीला टेकलेला वकील! मी हसलो खरा, पण ते पाण्याखाली गेले आणि नुसते बुडबुडे उरले तशी माझी पाचावर धारण बसली. ठरलेली वेळ टळली. आक्काला काय तोंड दाखवू? वर येताना अंगातला वायू निघून जावा म्हणून मध्ये थांबावं लागतं. हे महाराज भीतीपायी हवं त्याहून जास्त थांबले होते. संध्याकाळी फोनवर आक्कानं दाजींना एवढंच विचारलं, "भ्यालता न्हवं?"

"लई!"

"मग बरं."

त्यांचं श्वास घ्यायचं यंत्र घरी असतं. वर येताना शेवटी त्यातूनच निव्वळ ऑक्सिजन घ्यायचा, आणि तिथं तेल लागलेलं असलं तर भडका उडू शकतो. आक्काला काय ठाऊक? खंडेनवमीला तिनं विळी, स्कूटर, कायद्याचे जाडजूड ग्रंथ यांच्या रांगेत यंत्रही मांडलं, आणि तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं. दाजी असे किंचाळले की शेजारचे धावत आले. "आगं, पेटून मरीन की!" तेव्हापासून यंत्राला लांबूनच फूल.

पण गेल्या हंगामात उसाची ट्रॉली दिसली आणि दाजींनी गाडी खुशाल पुढं काढली. आक्कानं मागून माझा खांदा घट्ट धरला. गॅसचं बटण बघायलाही हल्ली परतत नाहीत. वय म्हणा, काही म्हणा.

यंदा खंडेनवमीला आक्कानं मुद्दाम तेलात कुंकू कालवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बोट यंत्राजवळ नेलं. दाजींनी पेपरातून मान वर केली.

"लाव की. काय हुतंय?"

बोट तिथंच थांबलं. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "आवं, औंदा समुद्रावर जाऊ नगासा. ह्यो वायू भ्या जागं ठेवतोय म्हंता. पर आदी भ्या असाय तर पायजे न्हवं?"

दाजी तिच्या बोटाकडं बघत राहिले. मग उठले, यंत्र आपल्या हातानं पेटीत ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आले.

"गॅस बंद हाय," म्हणाले.

"परत एकदा बघा," आक्का म्हणाली.

ते पुन्हा गेले.