दुसरी चिठ्ठी

हरवणं ही एकच गोष्ट जिबेकला शिकवावी लागली नाही. ती पेनं हरवायची, हातमोजे हरवायची, तेही जोडीतला नेमका एकच, आणि बाईंनी "पान बेचाळीस उघडा" म्हटलं की बेचाळीसपर्यंत पोचेस्तोवर स्वतःच कुठेतरी हरवायची. आतबाशी तालुक्यात डोंगराच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात शाळेची रोजवही घरी नेऊन सही आणावी लागते. जिबेकच्या रोजवहीत दर आठवड्याला लाल शाईत तेच लिहिलेलं असे, 'लक्ष नाही.' तिची आई गुलसून खाली सही करायची आणि वही मिटताना एक लांब सुस्कारा टाकायची.

इतिहास शिकवणारे जोल्दोश आगाय, म्हणजे जोल्दोश सर, तर भर वर्गात म्हणायचे, "डोकं आहे हो पोरीला, पण भाड्यानं दिलंय!" वर्ग हसायचा. जिबेकही हसायची, कारण न हसती तर रडली असती.

लक्षाचं एक वेळ चाललं असतं. पण नववीच्या तोंडी परीक्षेला भीती येऊन बसली ती बसलीच. टेबलावर प्रश्नांच्या पालथ्या चिठ्ठ्या मांडलेल्या, पलीकडे तीन परीक्षक. जिबेकनं चिठ्ठी उचलली, प्रश्न वाचला आणि तिचे हात गार पडले. श्वास आत जाईना. ती उठली आणि पळाली, ती थेट शाळेच्या कोळशाच्या खोलीमागे जाऊन बसली. तेव्हा फेरपरीक्षा लेखी घेऊन तिला कसंबसं वर ढकललं. पण त्यानंतर परीक्षेच्या दिवशी सकाळपासूनच तिची छाती धडधडायची आणि घास घशाखाली उतरायचा नाही. अकरावीच्या शेवटी इतिहासाची तोंडी होती, आणि ती चुकवायला आता कुठलीच पळवाट नव्हती. पाचपैकी तीन मिळाले तर शाळा संपल्याचा दाखला, दोन मिळाले तर काहीच नाही.

महिन्यातून एका बुधवारी तालुक्याच्या दवाखान्यात शारापात नावाच्या डोक्याच्या डॉक्टरबाई येत. गुलसून लेकीला घेऊन गेली खरी, पण रुमाल भुवयांपर्यंत ओढून. गावात सांगितलं, "हिचे दात दाखवायचेत." डोक्याच्या डॉक्टरकडे गेलीस की सरकारी वहीत नाव चढतं, मग नोकरी नाही आणि मागणी घालायलाही कुणी येत नाही, असं गावातली प्रत्येक बाई छातीठोकपणे सांगायची. त्यातल्या एकीनंही ती वही पाहिलेली नव्हती.

डॉक्टरबाईंनी तासभर प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "ही आळशी नाही, मठ्ठही नाही. हिचं लक्ष एका जागी ठरत नाही, आणि वरून भीतीनं मान धरलीय. दोन्हींवर इलाज आहे."

जिबेक तिथेच हुंदके देऊन रडली. आळशी नाही, असं सतरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं.

"नाव कुठं चढणार नाही ना?" गुलसूननं हळूच विचारलं.

"माझ्या कागदात राहील. कपाटाला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे." बाईंनी भीतीवर अर्धी गोळी लिहून दिली, झोपेच्या वेळा बांधून दिल्या आणि अभ्यासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून दिले. शेवटी विचारलं, "तुझं मन शांत कधी असतं गं?"

जिबेक म्हणाली, "शिरदाक शिवताना."

गुलसूनचा तोच धंदा. दोन रंगांचे लोकरीचे नमदे एकावर एक ठेवायचे, दोन्ही एकदमच कापायचे, आणि एकातून निघालेलं मेंढ्याच्या शिंगाचं वळण दुसऱ्याच्या भोकात बसवून शिवायचं. असा शिरदाक जमिनीवर अंथरला की आजोबा-नातू दोघांची बुडं त्याच्यावर झिजली तरी तो झिजत नाही. त्या हिवाळ्यात मायलेकी चुलीशी बसल्या. जिबेक टाके घालायची आणि गुलसून मांडीवर पुस्तक धरून वाचायची. परीक्षेतल्या चिठ्ठ्यांचे प्रश्न आधीच जाहीर झालेले: पंचवीस चिठ्ठ्या, पंचवीस शिंगं. पंधरा मिनिटं झाली की चहा आणि कणकेचे तळलेले बोरसोक.

"हा राजा परत मेला?" गुलसून वैतागायची. तिची शाळा आठवीतच सुटलेली. "मागच्या पानावर पुरला होता की याला!"

"आपा, तो बाप होता. हा मुलगा," जिबेक आईला सांगायची.

"मग नाव तरी वेगळं ठेवायचं ना मेल्यांनी!"

एकोणीसशे सोळाच्या चिठ्ठीला मात्र गुलसून थांबली. त्या वर्षी झारविरुद्ध झालेल्या बंडानंतर माणसं गुरंढोरं घेऊन बर्फातून खिंडी ओलांडून चीनकडे पळाली. गुलसूनची पणजी तेव्हा आईच्या पाठीवर बांधलेली होती. पुस्तकात नव्हतं ते सगळं गुलसूननं सांगितलं आणि जिबेकनं त्यावर निळं शिंग शिवलं.

जूनमध्ये परीक्षा आली. जिबेकनं अर्धी गोळी घेतली, दोन बोरसोक खाल्ले आणि शिवायला घेतलेला नमद्याचा एक तळहाताएवढा तुकडा सुईसकट खिशात टाकला. परीक्षक मंडळाच्या प्रमुख होत्या कालबुबू एजेके, म्हणजे कालबुबू बाई. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वेणीत गुंडाळलेले कागद त्यांनी पकडले होते, बुटाच्या तळातले पकडले होते, एकदा तर बोरसोकच्या पोटातला कागदही काढला होता.

जिबेकनं चिठ्ठी उचलली. सतरावी. ती तयारीच्या बाकावर बसली आणि डोक्यात नुसतं पांढरं झालं. हात गार पडायला लागले. तिनं खिशातून नमदा काढला.

"आण इकडे!" कालबुबूंचा आवाज कडाडला. "नमद्यात शिवून आणलंय! हे मात्र नवीन हं!"

"त्यात काही नाही, एजेके."

"मग कशाला आणलास? परीक्षकांना विकायला?"

जिबेकनं दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि कोळशाची खोली जागच्या जागी होती. आईनं वर्षभर जपलेलं ते दातांचं खोटंही तिला आठवलं. मग ती म्हणाली, "मी डॉक्टरांकडे जाते. डोक्याच्या. हात रिकामे राहिले की माझं लक्ष पळतं आणि भीतीनं श्वास कोंडतो. शिवत बसले की सांगता येतं."

 तरीही कालबुबूंनी कात्री घेऊन शिवण टराटरा उसवली, नमद्याचे पदर वेगळे केले, उजेडात धरले. आतून लोकरच निघाली. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

खिडकीजवळून जोल्दोश आगाय घसा खाकरून म्हणाले, "एजेके, पोरीचा वेळ आपण खाल्ला. नियमानं दुसरी चिठ्ठी उचलता येते. एक गुण कापा, पण तिला शिवू द्या." मग जिबेककडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं मी हिला नीट बस म्हणत आलो. का बसवत नाही, हे एकदा विचारायचं राहिलंच."

कालबुबूंनी तुकडा परत दिला. "घे. सुई जपून."

दुसरी चिठ्ठी होती एकोणीसशे सोळाची.

जिबेकनं उसवलेली शिवण पुन्हा घालायला घेतली. पहिला टाका वाकडा पडला, दुसराही. तिसऱ्या टाक्याला श्वास खाली उतरला, आणि मग खिंड आली, बर्फ आला, पाठीवर बांधलेली पणजी आली. सनावळी जागच्या जागी येऊन बसली. ती सांगत राहिली आणि शिवत राहिली. शिवण संपली तेव्हा उत्तरही संपलं होतं. कालबुबूंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "चार. दुसऱ्या चिठ्ठीचा एक वजा. तीन."

जिबेक बाहेर आली ती पाय जमिनीवर नसल्यासारखी. फाटकाशी गुलसून खिशात दोन्ही हात कोंबून उभी होती, बाजूला शेजारीण बातमा.

"तीन!" जिबेक ओरडली. मग जवळ येऊन पुटपुटली, "आपा, मला सांगावं लागलं. डॉक्टरांचं. सगळ्यांसमोर."

गुलसूननं डोळे मिटले. क्षणभर तिचा चेहरा अगदी रिकामा झाला. मग तिनं खिशातून मूठभर रंगीत कागदातल्या गोड गोळ्या काढल्या आणि लेकीच्या डोक्यावरून उधळल्या. फाटकाजवळची पोरंसोरं ओरडत गोळ्यांवर तुटून पडली.

"अगं बाई!" बातमा हसली. "नवरी घरात येते तेव्हा उधळतात, फार तर पाच मिळाले तर! तीनला कधी कुणी उधळतं का? आणि हिच्या दातांचं काय झालं मग?"

"दात ठणठणीत आहेत तिचे," गुलसून सगळ्या फाटकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझी लेक डोक्याच्या डॉक्टरकडे जाते. पुढच्या बुधवारीही जाणार आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा."

बातमा गोळ्या वेचणाऱ्या पोरांकडे बघायला लागली. गुलसूननं तळहातावर उरलेल्या एका गोळीचा कागद सोडवला आणि ती जिबेकच्या तोंडात घातली. "खा," ती म्हणाली.  "दात चांगले आहेत तुझे."