एकशेचव्वेचाळीस फुटांचा मनोरा

आमच्या कल्याणच्या घरात पाठांतराचा मोठा दबदबा होता. वडील वैदिक, पडवीत विद्यार्थ्यांना संथा देत. ते म्हणतील ते तसंच्या तसं म्हणायचं, अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये. मध्ये अडलं तर अडल्या जागेपासून नव्हे, पुन्हा पहिल्यापासून. अर्थ कुणी विचारत नसे, आणि मलाही तो कधी विचारावासा वाटला नाही. काकांच्या हट्टापायी मला ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घातलं, तर तिथे मी पदार्थविज्ञानाचीसुद्धा संथाच घेतली.

तो विषय शिकवणारे मास्तर आमच्याच गावचे, आमच्याच आळीच्या टोकाला राहणारे. माणूस भाबडा. त्यांची नोकरी हंगामी होती आणि इन्स्पेक्टर साहेबाची तपासणी चांगली झाली तरच ती कायम होणार, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फेकलेल्या वस्तू कशा जातात, किती वेळात कुठे पडतात, याची पुस्तकातली सगळी सोडवलेली उदाहरणं मी इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवी. कळलं का, असं मास्तर विचारत. मी आणखी एक उदाहरण म्हणून दाखवी, आणि त्यांचं समाधान होई.

तपासणीच्या दिवशी त्यांनी अर्थातच मला उभं केलं. साहेबाने पुस्तक चाळलं आणि उदाहरण घातलं. चौसष्ट फूट उंच मनोऱ्यावरून सेकंदाला शंभर फूट वेगाने दगड आडवा फेकला, तर तो पायथ्यापासून किती लांब पडेल? उदाहरण ओळखीचं होतं, पण पुस्तकातला मनोरा एकशेचव्वेचाळीस फुटांचा होता. साहेब पाठ चुकला हे पाहून मला राहवेना. मी अत्यंत नम्रपणे त्याची चूक सुधारली.

साहेब हसला. माझा मनोरा ठेंगणाच आहे, म्हणाला, त्यावरूनच फेक. मी डोळे मिटले आणि म्हणायला लागलो. माझा दगड पुस्तकातल्यासारखाच तीन सेकंदांनी खाली आला. तीन कुठून आणलेस, असं साहेबाने मध्येच विचारलं. अडल्यावर काय करायचं हे मला लहानपणापासून पक्कं माहीत होतं; मी पहिल्यापासून सुरू केलं. त्याने पुन्हा थांबवलं, मी पुन्हा मनोऱ्यावर चढलो. पोरं खिदळायला लागली. मास्तर फळ्याजवळ खडू धरून उभे होते आणि माझ्याकडे नुसते बघत होते. पडायला लागणारा वेळ उंचीवर ठरतो, वेगावर नाही; म्हणून इथे दोन सेकंद आणि दोनशे फूट. एवढीशी गोष्ट. पण त्या दिवशी मला कुणी मारलं असतं तरी ती सुचली नसती.

साहेबाने मास्तरांना बाहेर बोलावलं. दार उघडंच होतं. पोपट पढवणाऱ्याला कायम करण्याची शिफारस आपल्याला करता येणार नाही, हे त्याचं बोलणं पहिल्या बाकावर मला स्वच्छ ऐकू आलं. परत येताना मी आगगाडीत मुद्दाम मास्तरांपासून लांबच्या डब्यात बसलो.

घरी पोचेपर्यंत वर्गातल्या एका सोबत्याने आळीत बातमी पसरवली होती, पण अर्धीच: याने साहेबाची चूक काढली. संध्याकाळी देवळात वडील ती ज्याला त्याला सांगत होते आणि मी शेजारी मान खाली घालून उभा होतो. तेवढ्यात मास्तर दर्शनाला आले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काय मास्तर, साहेबालाच पाठ येत नव्हता म्हणे?" वडिलांनी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. "नव्हता. तुमच्या मुलाचं मात्र एक अक्षर चुकलं नाही."

वडील खुलले. पुढचं पुस्तकही याच्याकडून असंच करून घ्या, म्हणाले.

"आता दुसरे मास्तर येतील," मास्तर म्हणाले. "माझी बदली होतेय."

वडील हळहळले आणि त्यांनी मला गुरूंच्या पाया पडायला सांगितलं. बदली वगैरे काही नाही, हे त्या देवळात आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी वाकलो, मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठलो. कुणीतरी म्हणालं, मुलगा हुशार असून किती विनयशील आहे.