नकोबा आणि गोल टोकाचे वस्तरे

आमच्या बाबांना सगळी गल्ली नकोबा म्हणायची. नाव ठेवलं होतं आईने. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, पडदे निळे लावू? नको. मग हिरवे? नको. मग काय, पडदेच नकोत? तर म्हणाले, पडदे हवेत, पण हे नकोत. आई हे शेजारणीला सांगून बसली आणि झालं. महिन्याभरात दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना नकोबा म्हणायला लागली. बाबांना त्या नावाचा राग कधीच आला नाही. आतून आवडतच असणार, माझी खात्री आहे.

बाबा न्हावी होते. एका खोलीचं दुकान, एक खुर्ची, एक आरसा, खुर्चीच्या पाठीला टांगलेला, धार लावायचा चामड्याचा पट्टा आणि तीन वस्तरे. ब्लेड बदलायचे वस्तरे येऊन जमाना लोटला होता, पण बाबांनी आपला घडीचा, अखंड पात्याचा वस्तरा सोडला नाही. कसला वस्तरा त्यांना आवडायचा, ते मला आजही धड सांगता येणार नाही. काय आवडायचं नाही, ते मात्र झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

पात्यावर नक्षी नको. का, तर त्या कोरलेल्या फुलापानांत साबण आणि पाणी अडकतं, आणि गंज पहिला तिथे धरतो. "दाढी करायची की बाग लावायची?" असं ते विचारायचे. सोनेरी अक्षरं नकोत, कारण वर्षभरात ती उडतात आणि गिऱ्हाइकाच्या गालावर चमकतात. शिंपल्यासारखी चकचकीत मूठ नको, ओल्या हातात सटकते. जाड मूठ तर नकोच नको, उघडा वस्तरा मागे कलंडतो. पात्याची मागची शेपटी जास्त वळलेली नको, करंगळीला बसायला जागा उरत नाही. आणि इतकं पातळ पातंही नको, की राठ दाढीवर चालवलं की टिंग टिंग वाजेल. काही जणांना तो आवाज फार आवडतो म्हणे. बाबा म्हणायचे, गाणं ऐकायचं असेल तर कोपऱ्यात रेडिओ आहे.

पण सगळ्यांत जास्त डोकं फिरायचं ते गोल टोकाच्या वस्तऱ्याने. बाबांचे तिन्ही वस्तरे चौकोनी टोकाचे, कोपरा असा की नाकाखाली, कानाच्या वळणावर, तिळाच्या कडेने बरोब्बर एक केस उचलावा. गोल टोकाने ते होत नाही. ते नवशिक्यांसाठी असतं, चुकून लागू नये म्हणून. एकदा एक विक्रेता पेटी उघडून बसला आणि म्हणाला, हे बघा, गोल टोक, अगदी सुरक्षित. बाबांनी पेटीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं आणि म्हणाले, "ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, त्याला विका." बिचारा चहा अर्धा टाकून गेला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

मला दुकानात एकच काम होतं. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तिन्ही वस्तरे तेलाच्या फडक्याने पुसायचे. शाळेत होते तेव्हापासून ते काम माझं, आणि लग्न झाल्यावरही मी ते सोडलं नाही, दोन गल्ल्या सोडूनच तर राहत होते. मी शिवणकाम करते, त्यामुळे धारेशी माझंही नातं आहे. माझ्या कात्रीला कोणी हात लावला तर मी घर डोक्यावर घेते. हा स्वभाव कुणाचा, ते सांगायला नको.

दुकानात हेडमास्तर दिवसाआड सकाळी अकरा वाजता यायचे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे हेडमास्तरच म्हणायचे. त्यांच्या हनुवटीवर एक मोठा तीळ होता, चांगला उठावदार. तरुणपणी दुसऱ्या एका न्हाव्याने तो कापला आणि टाके पडले. तेव्हापासून बाबांखेरीज कुणाच्या हातात त्यांनी गाल दिला नाही. छत्तीस वर्षं. खुर्चीत बसले की डोळे मिटायचे, ते पावडर लागल्यावरच उघडायचे. मग आरशात बघून "छान झाली" म्हणायचे आणि जायचे. दोघं फारसं बोलायचेही नाहीत.

एक दिवस बाबा घरी आले ते जेवायलाच बसेनात. आईने खोदून विचारलं तेव्हा कळलं, हेडमास्तरांच्या कानापाशी लागलं होतं. थोडंसंच, तुरटीने थांबलं. पण बाबांच्या हातून गिऱ्हाइकाला लागणं म्हणजे आमच्या घरात आक्रीतच. "पातं झिजलंय," बाबा म्हणाले. विषय संपला.

आम्ही भाबडी माणसं, आम्हाला ते खरंच वाटलं. मी आणि दादाने मिळून नवा वस्तरा आणला, बाजारातला सगळ्यांत भारी. कसला बघावा? चकचकीत मूठ, पात्यावर वेलबुट्टी, वर सोनेरी अक्षरं. जन्मभर बापाच्या नावडी ऐकून त्याच्या दोन शहाण्या लेकरांनी नेमक्या त्याच गोळा करून आणल्या. भारी म्हणजे चांगला, एवढंच आमचं डोकं चाललं. बाबांनी डबी उघडली, वस्तरा टेबलावरच ठेवून बोटाने फिरवून पाहिला आणि सुरू झाले. मुठीपासून शेपटीपर्यंत एकेक अवयव सोलून काढला. आम्ही हसून हसून लोळायचे बाकी होतो. दादा मला हळूच म्हणाला, "ठणठणीत आहेत गं." त्यांनी तो हातात उचललाच नाही, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी वस्तरे पुसायला बसले. फडकं नेहमी शेवटी टोकाशी अडायचं. त्या चौकोनी कोपऱ्यात एखादा धागा ओढला जायचाच, म्हणून मी तिथे हात सावकाश करायचे. त्या दिवशी फडकं सरळ निघून आलं. मला वाटलं, नीट पुसलं नाही. परत पुसलं. परत तसंच. खिडकीशी नेऊन बघितलं तर टोक गोल. दुसरा उघडला, गोल. तिसराही गोल. खाली, धार लावायच्या खरखरीत दगडावर काळपट चकचकीत चूर होता. कोपरा दगडावर घासून घासून बाबांनी स्वतःच्या हातांनी तिन्ही वस्तऱ्यांची टोकं मोडली होती.

मला राग आला. बाबांचाच आला. एवढं कळतंय तर दुकान बंद का करत नाही हा माणूस? उद्या हेडमास्तरांच्या तिळाला लागलं म्हणजे? मी तशीच तरातरा आईकडे गेले. आई बाबांच्या शर्टांना बटणं शिवत होती, काजात घट्ट बसणारी जुनी बटणं काढून लहान, सहज सरकणारी.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"दोन महिने झाले, सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावून देते," आई म्हणाली. "हात थरथरतो. उजवा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्यांना कळत नाही असं वाटतं का तुला? एवढं त्यांचं त्यांना बोलू दे."

पण मी कसली ऐकतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले, सरळ सांगायचंच ठरवून. वाटेभर वाक्यं जुळवत होते. दारात पोचले तर हेडमास्तर खुर्चीत, डोळे मिटलेले, तोंडभर फेस. बाबा पट्ट्यावर वस्तरा फिरवत होते. पट्ट्यावरचा हात अजून छान चालत होता, तो आवाज मी कुठेही ओळखीन. मी दारातच थांबले.

गाल झाले. बाबांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटीची कातडी ताणली आणि वस्तरा तिळापाशी नेला. हात थरथरला. त्यांनी तो मागे घेतला, झटकला, परत नेला. परत थरथरला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं मनगट धरून बघितलं. मग बाबांनी वस्तरा मिटला.

"सर, मला नाही जमणार."

"दम घ्या जरा," हेडमास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "मला कुठे घाई आहे?"

"आजचं नाही म्हणत सर. यापुढेच नाही."

दुकानात रेडिओवर कुणीतरी बातम्या सांगत होतं. बाबांनी गरम पाण्यात टॉवेल पिळला आणि हनुवटीवरचा फेस पुसून काढला. मग तुरटी फिरवली, पावडर लावली, मानेवरून ब्रश फिरवला. सगळं शेवटपर्यंत नीट केलं. हेडमास्तर उठले. आरशात पाहिलं. गाल गुळगुळीत आणि हनुवटीवर पांढऱ्या खुंटांचा ठिपका, तसाच.

"छान झाली," ते म्हणाले आणि गेले.

बाबांनी मला पाहिलं. "तू कशाला आली होतीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्हाला न्यायला आले." मग मी रडले, आणि ते खुर्चीवरचं कापड झटकत राहिले. त्या दिवशी आम्ही दुकान बंद केलं ते कायमचंच.

अडीच महिन्यांनी हेडमास्तर घरी आले. मी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. गालभर वाढलेली दाट पांढरी दाढी. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या पाडल्या.

"नको सर. तुम्हाला शोभत नाही ही."

"मग कुणाकडे जाऊ, तुम्हीच सांगा."

बाबा विचार करायला लागले. चौकातला? नको, घाई करतो. पुलापलीकडचा? नको, त्याचा हात जड आहे. आणखी दोघांची नावं घेऊन स्वतःच नको म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. उजवा हात पुढे करून त्यांनी हेडमास्तरांच्या दाढीत बोटं घातली, हनुवटीपर्यंत चाचपत गेले आणि तीळ सापडल्यावर थांबले. हात थरथरत होता, पण आता त्यात वस्तरा नव्हता, आणि हेडमास्तरांनी डोळे मिटून मान जराशी वर केली.