बाबांच्या नावाचा पॅच

पुलगावात आमच्या घरी जे काही होतं ते बाबांच्या नावानं होतं. लाइटचं मीटर, गॅस, फोन, माझी मोपेडसुद्धा. बाबा कापडाच्या मिलमध्ये विणकर. उभी जिंदगी मागावर गेली, पण कापडाच्या थानावर छाप मिलची. विणणाऱ्याचा फक्त नंबर राहे, अन् तोही कोणी पाहे ते कापडात डाग निघाल्यावर.

म्हणून पहिला पॅच पाठवला तेव्हा लिहिणाऱ्याच्या जागी मी बाबांचंच नाव टाकलं. वेगळं काही सुचलंच नाई. पॅच म्हणजे दुरुस्तीचा तुकडा. जगभरातले लोक मिळून फुकटात बनवत होते असा एक लिहायचा प्रोग्राम मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. त्यात मराठी छापलं की अक्षरांवरच्या मात्रा अर्ध्या कापल्या जात. शोधून शोधून मी ते नीट केलं. आता बाबांचं नाव या प्रोग्रामसोबत जगभर जाईन, एवढंच डोक्यात होतं. बाबांले तसं सांगूनही बसलो.

तिकडं पॅच तपासणारा एक परदेशी माणूस होता. कुठला ते शेवटपर्यंत समजलं नाई. शिवी नाई, कौतुक नाई. आधी म्हणे, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा आमच्या पद्धतीनं सोडा. सोडली. मंग म्हणे, एका पॅचचे लहान लहान पॅच करा. केले. मंग कितीतरी दिवस चूप. अन् बोलला तं काय, मधात मूळ प्रोग्रामच बदलला, तुमचा तुकडा आता बसत नाई. पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दर वेळी फ्लॉपी घेऊन स्टेशनजवळच्या इंटरनेट कॅफेत जायचं. फोनची लाइन लागली की लाइट जाई, लाइट आली की लाइन लागत नसे.

बाबा जेवताना विचारत, "पास झाला का?"

"नाई. तपासून राह्यले."

"कापड खराब आहे का?"

"कापड चांगलं आहे बाबा. घडी नीट नाई म्हणते तो."

लय थकलो होतो. मरू दे, असं रोज वाटे. पण बाबांचं नाव त्यात अडकून होतं, सोडता येत नव्हतं.

शेवटी त्याची मेल आली. सगळं ठीक आहे, फक्त ज्यानं हे लिहिलं त्यानं स्वतः 'हे माझंच काम' असं कळवावं.

मी बाबांले म्हटलं, "तुमच्या नावानं मीच कळवून टाकतो. कोण येते पाहाले?"

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "मी विणलं नाई तं माझा नंबर काऊन लावून राह्यला? उद्या डाग निघाला तं जबाब कोण देईन?"

मंग मी माझं नाव टाकलं, पण पुरं टाकलं. आपल्या रिवाजानं आधी माझं, मधात बाबांचं, मंग आडनाव. मले वाटलं, जमलं. पॅच पास झाला. नवा प्रोग्राम निघाला तेव्हा त्यातलं काम करणाऱ्यांच्या नावांचं पान छापून घेतलं, अन् घरी येताना रस्त्यात नीट पाह्यलं. त्यांनी मधलं नाव काढून तिथं एक इंग्रजी अक्षर ठेवलं होतं, त्यापुढं टिंब. त्या माणसाचा दोष नाई, तिकडं तसंच लिहितात. पण पुन्हा मेल करायची, पुन्हा वाट पाहायची ताकद माझ्यात उरली नव्हती. बाबांले आता काय दाखवू, या विचारानं जीव रडकुंडीले आला.

घरी बाबांनी चष्मा लावला. मी त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"हा मी?"

"हो बाबा."

त्यांनी कागद उजेडात धरला. मंग म्हणाले, "मिलमध्ये तं एवढंही नोतं." अन् मले हातपाय धुवून जेवाले बसाले सांगितलं.