आढ्याला लावलेली करवत

भूत, भानामती, करणी... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात अगरबत्ती लागते ती बुद्धवंदनेला, कोणाची बाधा उतरवायला नाही. जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो, सिमेंटच्या स्लॅबखाली झोपतो, आणि घाबरायला मला आजवर बायको पुरत आली. तरी हे लिहितोय, कारण मार खाल्लेली पाठ माझी होती.

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा अर्धा झाला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. करडीच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली माझ्या मामाचं गवती घर आहे. त्याच्या आज्यानं बांधलेलं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, आणि वळचण इतकी खाली की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. (मी आधी डोकं आपटतो, मग वाकतो.) अख्ख्या घरात एक खिळा नाही. मधोमध खांब, म्हणजे मेढ. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच सागाचं आढं. बांबू, चिरलेल्या बांबूच्या कमच्या, गवत, सगळं पळसाच्या मुळांच्या पिळदार दोरांनी शेवटी त्या आढ्यालाच बांधलेलं.

मामा गेला आणि त्याची दोन पोरं, गौतम आणि मिलिंद, हिस्से मागू लागली. नावं अशी, पण घरात शांती औषधालाही नव्हती. मधून मातीची भिंत घातली तरी भागेना. धाकट्या मिलिंदला आपल्या अर्ध्यावर टिना, म्हणजे पत्रे, पाहिजेत, गौतमला गवतच. बोलणं सुरू झालं की काठ्या निघत. शेवटी मामीनं मला बोलावलं.

"बाबू, तू शिकलेला हायेस. एखाद्या दिवशी एक जण दुसऱ्याले जिवानिशी मारंल. समजावून सांग न."

मी समजावलं ते असं : "अख्खा जिल्हा कापला, कोणाचं काय बिघडलं? आढं मधोमध कापा. तू तिकडं टिना टाक, तू इकडं गवत टाक. झगडाच मिटला!"

मामी चुलीपासून उठून आली. "भिंत घातली, ठीक हाये. चुली दोन करा. पण आढ्याले करवत नोको. आपल्या इकडं वाटणीत आढं कोणी कापते का?"

"काहून नाही कापत, मामी?"

"नाई कापत म्हणजे नाई कापत. त्याच्यावरच सारं बांधून हाये."

"काही होत नाही, टेकू कुठं द्यायचा ते मी दाखवतो ना," मी म्हणालो. मी फॅक्टरीच्या स्टोअरचा माणूस. आयुष्यात टेकू मी फक्त सायकलला दिला होता.

गवत सकाळीच उतरवलं होतं, कुऱ्हाड भिंतीशी टेकवून ठेवली होती. भर दुपारी, लख्ख उन्हात, दोघे भाऊ मधल्या भिंतीवर चढले. आढ्याच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक, हातात दोन माणसांची करवत. कित्येक महिन्यांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. मी खाली खाटेवर, मार्गदर्शनाला.

करवत चालली, भुसा पडत राहिला, आढं अर्ध्याहून खाली कापलं गेलं, आणि माझ्या पाठीवर सप्पकन फटका बसला.

मी वळलो. मागे नुसती भिंत. मामी लांब अंगणात.

वरून गौतम मिलिंदवर ओरडला, "कायले मारलं बे?"

"मी? माहे दोन्ही हात करवतीले हायेत, दिसत नाई का?"

"गांधीलमाशी असेल रे, ओढा!" मी म्हणालो.

पुढच्या ओढीला मिलिंदचा ओठ फाटला. रक्त करवतीवर उडालं. "तूच मारलं न बे!" म्हणत त्यानं गौतमचा गळाच धरला आणि दोघे भिंतीवरून खाली आले. गौतमनं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, परत आपटलं, भिंतीची माती लाल होईपर्यंत आपटलं. मिलिंदनं त्याच्या दंडाचा लचका तोडला. आणि वरून तो तिसरा मार चालूच... सपासप! आवाज येई, शर्ट फाटत, मारणारा दिसत नसे. मी सोडवायला धावलो. पोटऱ्यांवर असा फटका बसला की भिंत वर चढवायला कालवलेल्या चिखलात तोंडावर पडलो, आणि तिथूनच बेडकासारखा "शांतता! शांतता!" ओरडत राहिलो.

डोळ्यांतला चिखल पुसला, तर गौतम उताणा पडलेला. मिलिंदचा पाय त्याच्या छातीवर आणि हातात वर उगारलेली कुऱ्हाड.

मामी धावत आली. पोरांकडे गेलीच नाही. तिनं मेढीला मिठी मारली आणि आढ्याकडे पाहून किंचाळली, "नाई कापत! आता नाई कापत! सोड माह्या लेकरांले!"

कुऱ्हाड खाली आली. गौतमच्या कानाशेजारी, जमिनीत, दांड्यापर्यंत रुतली. मार थांबला. मिलिंद मटकन खाली बसला.

"मी दादाले नाई मारून राहिलो होतो," तो रडत म्हणाला. "मले जो मारत होता न, त्याले मारून राहिलो होतो."

दवाखान्यात दोघांनाही टाके पडले. डॉक्टरांनी आम्हा तिघांच्या पाठी पाहिल्या आणि विचारलं, "दोरानं कोणी मारलं?" वळांमध्ये दोराचा पीळ उमटला होता... स्पष्ट!

पावसाआधी दोघा भावांनी मिळून सगळ्या घरावर गवतच घातलं. आढं अर्ध्याहून जास्त कापलं गेलंय. माझा एक इंजिनिअर मित्र ती खाच पाहून म्हणाला, हे उभं राहायलाच नको. पण उभं आहे.

त्याचंही एक वेळ सोडा. त्या संध्याकाळी मामी माझ्या पाठीला हळद लावत होती. हात खरखरीत लागला म्हणून मी वळून तो धरला. दोन्ही तळव्यांची सालं निघालेली, आणि मांसात तोच पीळ. ताणलेला दोर मुठीतून सरकावा तसा. मेढ तर गुळगुळीत लाकडाची.

"मामी, हे काय?"

तिनं मुठी मिटल्या. "भात थंडा होऊन राहिला. जेव."

अजूनही तिच्याकडे जातो. आता आधी वाकतो, मग आत जातो. ती भात वाढते, मी तिच्या हाताकडे बघत नाही. त्या दुपारी ती मारणाऱ्याचा दोर मागे ओढून धरत होती, की दोर तिच्याच हातात होता... मला अजून कळलेलं नाही. आणि तिला विचारायची माझी छाती नाही.